बिनकावडीचा तारा

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. यांच्याजवळ नाही, लेकींजवळ नाही, देवाजवळसुद्धा नाही — देवापुढे हात जोडले की मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागत आले, म्हणजे त्याला या गोष्टीची आठवण व्हायला नको. तुम्हांला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या पाणवठ्यावर भेटणारही नाही. गोष्ट तशी रडकी नाही. खरं सांगू? माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद या गोष्टीत आहे — आणि माझी सगळ्यात मोठी लबाडीही तिच्याच पोटात आहे. एक काढायला गेलं की दुसरं हाताला लागतं.

मी एक तारा शोधला होता.

हसलात ना? हसा. वांगी-भेंडी पिकवणारी, चौथी शिकलेली बाई, आणि म्हणे तारा शोधला! पण तो तारा खरा होता. मागची मोठी लढाई संपायला आली होती त्या वर्षी, ज्येष्ठाच्या तोंडाशी, तो अचानक आभाळात आला. काल नव्हता आणि आज होता, आणि असा झगझगीत की बाकीच्या चांदण्यांनी लाजावं. पुढे वर्तमानपत्रात आलं, जगात कुठे-कुठे कोणी-कोणी तो पाहिला ते. आमच्या कामरगावात तो सगळ्यांत आधी मी पाहिला. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. इतकी वर्षं का नाही बोलले — तेच तर सांगायचं आहे. पण जरा वळसा घेऊ द्या, सरळ जाववत नाही.

माझं माहेर कारंज्याचं. लग्न होऊन कामरगावात आले तेव्हा या घरात नुकत्याच वाटण्या झाल्या होत्या. दोघं भाऊ — थोरले म्हणजे माझे भासरे, आणि धाकटे आमचे हे. घर वाटलं, भांडी वाटली, मळा मधोमध बांध घालून वाटला. विहीर कशी वाटणार? ती राहिली दोघांत, आणि मोटही एकच, दोघं भाऊ मिळून हाकायचे. उन्हाळ्यात झरे आटले की दिवसभर विहिरीत पाणी साठू द्यायचं आणि दिवस मावळल्यावर मोट धरायची. आधी थोरल्यांच्या वाफ्यांना, मग आमच्या. घड्याळ कोणाकडे होतं? पाळी बदलायची ती ताऱ्यावर. महिन्या-महिन्याला तारा वेगळा. ज्येष्ठात कावड.

कावड तुम्ही पाहिली असेल. मधे श्रावणबाळाचा ठळक तारा आणि दोन बाजूंना दोन बारक्या चांदण्या, म्हणजे त्याचे आंधळे आईबाप. तिघं एका रेषेत. पूर्वेच्या बांधावर एक जुनी बाभूळ होती. तिच्या शेंड्यावर कावड आली की थोरल्यांचं पाणी बंद, आमचं सुरू. आणि नियम असा, की ज्याची पाळी संपते त्यानंच हाक द्यायची. घेणाऱ्यानं मागायचं नाही. सासऱ्यांनी घालून दिलेला नियम. मला तेव्हा तो खुळेपणा वाटायचा — हातातलं पाणी आपणच हाक मारून सोडून देणारं माणूस असतं का कुठे?

होतं. माझी थोरली जाऊ.

तिला आम्ही सगळे मोठीबाई म्हणायचो. उंच, हाडापेरानं दणकट, आणि हसायला लागली की मोटेचे बैल कान टवकारायचे. वाटण्या झाल्या त्या पुरुषांच्या. आम्हां दोघींच्या झाल्याच नव्हत्या. दांडातलं पाणी वाफ्यात कसं वळवायचं ते तिनं मला शिकवलं, आणि आभाळही तिनंच दाखवलं. रोज संध्याकाळी चिखलात पाय रोवून ती आभाळाची हजेरी घ्यायची — या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाज आली, विंचू आला, कावड यायची आहे. एखादी चांदणी ढगाआड राहिली तर शेजारीण आजारी असल्यासारखी तिची चौकशी करायची. मी कारंज्याच्या शाळेत बसले होते, पण वर मान करून मी कधी पाहिलंच नव्हतं. मोठीबाईच्या नादानं मलाही वेड लागलं. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघी पाणी वळवता-वळवता मुलींसारख्या चांदण्यांवरून भांडायचो.

एकच भीती होती तिला. तिच्या आईचे डोळे म्हातारपणी गेले होते. सुईत दोरा ओवताना हात चुकला की मोठीबाईचं तोंड उतरायचं. "माये बी डोये जातीन काय वं, वेणे?" असं मला विचारायची. मी म्हणायची, काहीतरीच काय. म्हणजे तिची भीती मला चांगली ठाऊक होती. पुढचं जे केलं ते ठाऊक असून केलं — एवढं लक्षात असू द्या.

आता वांगी. यांच्या मागे लागून मी मळ्याचा एक कोपरा मागून घेतला होता. त्यात मी माझ्या हातानं वांगी लावली होती. या घरात स्वतःचं म्हणावं असं माझं ते पहिलंच. रोपं फुलावर आली आणि पाणी कमी पडायला लागलं. मृग लागला होता, पाऊस मात्र नव्हता. संध्याकाळी पानं माना टाकायची आणि माझा जीव वर-खाली व्हायचा. आमची पाळी सुरू होईस्तोवर विहीर निम्मी उपसलेली असायची. माझ्या कोपऱ्यापर्यंत पाणी पोचलं तर पोचलं.

त्या संध्याकाळी मी बांधावर बसून कावडीची वाट पाहत होते. अमावस्या नुकतीच सरलेली, आभाळ काळंभोर, पूर्वेला थोडी धूळ. आणि बाभळीच्या शेंड्यावर तो आला.

आधी वाटलं, कावड आज लवकर कशी? मग नीट पाहिलं. दोन्ही बाजूंना कोणीच नव्हतं. आणि कावडीपेक्षा कितीतरी मोठा, पांढराशुभ्र, नुकत्याच घासलेल्या भांड्यासारखा. मी उठून उभी राहिले. अंगावर काटा आला — भीतीचा नाही हो, आनंदाचा. इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता! आभाळात नवीन काही येतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं आभाळ म्हणजे कायमचं मांडलेलं. आणि हा आला होता — आजच, माझ्यासमोर. "मोठीबाई, अवं पाहा!" म्हणून ओरडायला मी तोंड उघडलं.

तेवढ्यात नजर खाली वांग्यांवर गेली.

किती वेळ लागला असेल? काहीच नाही. उघडलेल्या तोंडातून वेगळेच शब्द आले. मी म्हणाले, "मोठीबाई, कावड आली."

घेणाऱ्यानं मागायचं नाही, हा नियम तिथेच मोडला. ती वळली, कमरेवर हात ठेवून तिनं वर पाहिलं. "हे काई कावड नाई वं," म्हणाली. "येवढ्या लवकर कशी येईन? अन् त्याचे मायबाप कुठी हायेत?"

आता ऐका. याच जागेशी येऊन मी आजवर दर वेळी मागे फिरले आहे.

मी म्हणाले, "हायेत नं दोन्हीकडं. मले तं साफ दिसून राह्यले. तुमाले दिसत नाईत काय?"

झालं. एवढंच. कोणाला मारलं नाही, कोणाच्या घरात शिरले नाही. पण मोठीबाईचा चेहरा मी पाहिला. तिनं पदरानं डोळे पुसले, पुन्हा पाहिलं, पुन्हा पुसले. मग मोटेकडे तोंड करून तिनं नेहमीची हाक दिली, "घ्या जी, कावड आली!" आणि घराकडे निघून गेली. माझ्या वांग्यांना त्या दिवशी पोटभर पाणी मिळालं. बऱ्याच वेळानं खरी कावड उगवली — आईबापांना खांद्यावर घेऊन, अगदी आपल्या वेळेवर. मी मान खाली घालून वाफे फोडत राहिले. पण खरं सांगायचं तर मान खाली राहीना. तो नवा तारा इतका सुंदर होता की मी चोरटीनंसुद्धा त्याच्याकडे पाहून हसत होते. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, त्या दिवशी तरी नाही.

दुसऱ्या संध्याकाळी तेच. तारा अजून तेजाळलेला.

तिसऱ्या संध्याकाळी मोठीबाईनं हाक दिली, पण ती घरी गेली नाही. बांधावर बसून राहिली. मी पाणी वळवता-वळवता सारखी पूर्वेकडे पाहत होते, कारण आता खरी कावड यायची होती. आणि मोठीबाईची आरोळी आली — "अवं वेणे! धाव वं! दोन हायेत, दोन! खालचा आपला श्रावण, मायबापाले घेऊन आला! अन् वरचा नवा हाये! नवा तारा आला वं माय!" ती बांधावर अक्षरशः नाचत होती. बैल बुजले, मोट थांबली, दोघं भाऊ धावत आले.

पण ते येईस्तोवर पूर्वेच्या ढगानं खालची कावड गिळली होती. वर एकटा नवा तारा लखलखत होता. भासरे त्याच्याकडे पाहून म्हणाले, "एकच तं हाये. आपली कावड." पाहा म्हणजे गंमत — नव्या ताऱ्याकडे टक लावून पाहत होते आणि नवा तारा कुठे आहे म्हणून विचारत होते! त्यांची नजर जन्मभर बैलांच्या शेपटांवर. आभाळ त्यांनी बायकोवर सोपवलेलं. भासरे माझ्याशी थेट बोलत नसत. ते यांना म्हणाले, "इचार तिले. तिले किती दिसले?"

मी पदर पुढे ओढला आणि म्हणाले, "एकच."

दोन म्हटलं असतं तर तीन दिवसांची पाळी उघडी पडली असती. मी एक म्हटलं.

मग आभाळ भरून आलं. पाऊस काही पडला नाही, ढग मात्र हटेनात. ते हटले तेव्हा तारा बारका होऊन बाकीच्या चांदण्यांत मिसळून गेला होता. कुठे पाहायचं ते मला ठाऊक होतं म्हणून मला सापडायचा. मोठीबाईनं वर पाहणंच सोडलं. गल्लीतल्या बायकांनी केव्हाच निदान केलं होतं — एकाचे दोन दिसले म्हणजे मोतीबिंदू. तिलाही ते पटलं. एके संध्याकाळी ती म्हणाली, "हाक आता तूच देत जाय, वेणे. माया भरोसा नाई." आणि घरात जाऊन चुलीपुढे बसली. तिच्याविना मळा मुका झाला. माझी वांगी मात्र जोरात होती.

मेडशीच्या बाजूनं डोळ्यांचा एक वैदू फिरत यायचा. सुईनं मोतीबिंदू खाली पाडायचा. आसेगावच्या एका म्हाताऱ्याचा डोळा त्याच्या सुईनं कायमचा गेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी भासऱ्यांनी त्याला निरोप धाडला. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तो येणार होता. चांगल्या, धडधाकट डोळ्यांत सुई जाणार होती. का? तर मी बोलत नव्हते. रोज म्हणायची, आज सांगते. रोज पाणी वळवून घरी यायची. सुई येण्याआधी मी सांगितलं असतं का? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की हो, सांगितलंच असतं. मला नाही माहीत.

बाजाराच्या दिवशी वांग्यांची टोपली घेऊन मी गाडीनं कारंज्याला गेले. जांभळी, चकाकती, देठाला काटे असलेली वांगी — लोक हात लावून पाहत होते. एक मास्तर माझं नेहमीचं गिऱ्हाईक. हातात वर्तमानपत्र, आणि शेजारच्या मिरचीवाल्याला मोठ्यानं वाचून दाखवत होते, की आभाळात नवा तारा प्रकटला आहे. श्रवणाच्या ताऱ्याजवळ. ज्येष्ठाच्या सुरुवातीला सगळ्या ताऱ्यांहून तेजस्वी होता, आता मंद होत चालला आहे. देशोदेशीच्या लोकांनी पाहिला.

माझ्या हातातला तराजू खाली पडला. मास्तर म्हणाले, "काय हो बाई, तुमच्या गावात पाहिला का कोणी?"

"माह्या जावेनं पाह्यला!" मी ओरडले. अख्खा बाजार वळून पाहायला लागला. "सगळ्यात आंधी तिनंच पाह्यला!"

ते खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं.

मास्तरांनी तो कागद मला फाडून दिला. वांगी कोणाला दिली, कशी दिली, आठवत नाही. परतीच्या वाटेवर बैल इतके हळू चालत होते की मी गाडीतून उतरून पुढे चालायला लागले. गाडीतल्या बायका हसून-हसून लोळल्या. गावात शिरले तेव्हा दिवेलागण झाली होती. मोठीबाई भाकऱ्या थापत होती. मी दारातूनच ओरडले, "मोठीबाई, तुमचा तारा खरा हाये! छापून आला! तुमच्या डोयाले काई झालं नाई!" ती पिठाच्या हातांनी बाहेर आली. मी चुलीच्या उजेडात कागद वाचून दाखवला, दोनदा, तीनदा. मग ती अंगणात गेली आणि तिनं मान वर केली — किती दिवसांनी! "थो पाय," ती म्हणाली, "कावडीच्या वर, जरासा उजव्या अंगाले. लाल झाला बिचारा." बरोबर तिथेच होता. आणि मोठीबाई हसायला लागली. तेच हसू. हसता-हसता तिनं मला कवटाळलं, माझ्या पाठीवर पिठाचे पंजे उमटले, आणि म्हणाली, "वेणे, तुनं माये डोये वाचोले वं!"

त्या संध्याकाळी सगळी गल्ली मळ्यात आली. मोठीबाई एकेकाची मान धरून तारा दाखवत होती. नावही तिनंच ठेवलं — पोरका, कारण त्याला मायबाप नाहीत. गूळ वाटला गेला. भासरे कपाळाला हात लावून हसत होते, की तीन दिवस आपण चुकीच्या ताऱ्यावर पाणी सोडलं! यांनी तिथल्या तिथे तीन दिवसांचं पाणी परत द्यायचं कबूल केलं. मोठीबाई म्हणाली, "आमी दोघी फसलो. हे तं लेकरू हाये." दुसऱ्या दिवशी वैदू आला, त्याला दारातूनच वाटेला लावलं, रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून वांगी देऊन. माझी वांगी.

हाक पुन्हा मोठीबाईकडे गेली. आम्ही पुन्हा चांदण्यांवरून भांडायला लागलो. इतके आनंदाचे दिवस ते!

पुढे एकदा मास्तर मुद्दाम कामरगावला आले. मोठीबाईला विचारलं, कुठे दिसला, कसा होता, शेजारी काय होतं. तिनं बाभळीकडे बोट करून सगळं सांगितलं. मास्तर म्हणाले, अगदी जुळतं. मी तुमचं नाव छापायला पाठवतो — फक्त आणखी एक साक्षीदार हवा, एकट्याचं म्हणणं कोणी धरत नाही. पहिल्या दिवसांत दुसऱ्या कोणी पाहिला का?

मोठीबाईनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही — ती थांबली. "मले तं साफ दिसून राह्यले" हे माझं वाक्य फक्त आम्हां दोघींना ठाऊक होतं. बिनकावडीच्या ताऱ्याला मी कावड दाखवली होती. आणि ते तिनं भासऱ्यांनाही सांगितलेलं नव्हतं, कधीच कोणाला सांगितलं नाही. ती विसरली होती का? आभाळातल्या एकेका चांदणीची आठवण ठेवणारी बाई? ती माझ्या तोंडाकडे पाहत थांबली होती, रागानं नाही, हाक येईल म्हणून कोणी थांबावं तशी.

मी म्हणाले, "मले नाई दिसला."

मोठीबाईनं मान वळवली आणि मोठ्यानं हसली. "जाऊ द्या मास्तर," म्हणाली. "म्या पाह्यला, थ्या ताऱ्याले माहीत हाये." मास्तर गूळपाणी घेऊन गेले. तिचं नाव कुठेच छापून आलं नाही.

त्यानंतर लग्नात, बारशात, कोणी पाहुणी आली की मोठीबाई मला पुढे ओढायची — ही माझी वेणू, हिनं माझे डोळे वाचवले. दर वेळी. आणि मी दर वेळी मान खाली घालून ते घेतलं. लोकांना वाटायचं, किती लाजते. गेल्या हिवाळ्यात ती गेली. शेवटपर्यंत सुईत दोरा स्वतः ओवत होती.

ती गेली म्हणून आज बोलते आहे, असं म्हणणार नाही. ती असतानाच बोलायला हवं होतं. पाळी माझी होती, आणि हाक मी दिली नाही.

मास्तर आता कुठे असतील ठाऊक नाही. त्यांनी विचारलं होतं ते लिहून ठेवते. ज्येष्ठाची सुरुवात. दिवस मावळून थोडा वेळ झालेला. पूर्वेच्या बांधावरच्या बाभळीच्या शेंड्यावर, कावडीच्या आधी, एक नवा तारा आला. पांढराशुभ्र. दोन्ही बाजूंना कोणी नव्हतं. मोठीबाईला दिसला तो खरा होता.

मी पाहिला.